सिंह जोर-बैठका काढत नाही, तरी त्याचे अंग पिळदार कसे?

प्रश्न : निवृत्त शिक्षक, खानापूर

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी धाकट्या नातवाला घेऊन भुतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. सिंह सावलीत आडवा पडला होता, आणि आम्ही तेथे उभे होतो तेवढ्या वेळात त्याने एकदा मान उचलून इकडेतिकडे पाहिले, एवढीच काय ती त्याची हालचाल. नातू आठ वर्षांचा आहे. त्याचा थोरला भाऊ दोन वर्षांपासून पहाटे उठून तालमीत जातो, हे तो रोज पाहतो. त्याने मला विचारले, "आजोबा, दादा रोज एवढा घाम गाळतो तरी त्याचे दंड आत्ता कुठे भरायला लागलेत, आणि हा दिवसभर झोपतो तरी ह्याचे खांदे एवढे कसे?" मी शाळेत ३० वर्षे गणित शिकवले, मुलांच्या प्रश्नाला काहीतरी सांगून वेळ मारून नेण्याची मला सवय नाही, म्हणून "शोधून सांगतो" असे म्हणालो.

तेव्हापासून मला जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर पावसाळ्याच्या तोंडी पाहिलेला गवा आठवतो आहे. आपले कन्नड शेजारी त्याला काडुकोण म्हणतात. त्याच्या पाठीवरचा तो उंचवटा आणि मांड्यांचे ते पीळ पाहून आमची गाडी आपोआप थांबली होती. त्याला ना दूध, ना बदाम, ना तूप. सगळा खुराक गवताचा आणि पाल्याचा. उलट आपल्याकडे चांगला तयार झालेला मल्लही दोन-तीन महिने मातीत उतरला नाही, तर त्याचे अंग उतरू लागते.

माझा प्रश्न असा की, माणसाच्या शरीराची घडणच वेगळी आहे, की आपण जगण्याची रीत बदलल्यामुळे ही वेळ आपल्यावर आली आहे? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावे, कारण हे उत्तर मला एका आठ वर्षांच्या मुलाला पटवायचे आहे.

उत्तर १ : लाल माती, बेळगाव

सर, मी तालमीत वाढलेला माणूस आहे, म्हणून माझे मत आधी मांडतो. जनावर व्यायाम करत नाही, हे मला मुळातच मान्य नाही. गवा दिवसभर डोंगर चढतो-उतरतो, माजावर आलेले नर एकमेकांशी झुंजतात, वासरे उगीचच उड्या मारत पळतात. बिबट्या स्वतःच्या वजनाएवढी शिकार तोंडात धरून झाडावर चढवतो. आपल्यापैकी कोणी तेवढे ओझे हाताने तरी वर नेऊन दाखवावे. जोर, बैठका, करेला आणि मुद्गल ही जड लाकडे फिरवणे, ही सारी आपण त्याच कामाची केलेली नक्कल आहे. पूर्वीच्या माणसाला नांगर, मोट आणि लाकूडफाटा होता, तेव्हा त्याचेही अंग कामानेच घडत असे. आता काम गेले आणि त्याची जागा तालमीने घेतली, एवढाच फरक मला दिसतो.

उत्तर २ : गुरांचा डॉक्टर, निपाणी

वरील उत्तरात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे सरांना आपल्याच गावात पाहायला मिळेल.

आपल्याकडे अनेक गावांत देवाला सोडलेला पोळ असतो. तो औताला जुंपला जात नाही, गाडी ओढत नाही. कोणाच्या दारात भाकरी खातो, कोणाच्या पिकात तोंड घालतो आणि दुपारी पारावर रवंथ करत बसतो. आता त्याची मान आणि वशिंड पाहा, आणि त्याच वयाच्या, सकाळपासून नांगराला जुंपलेल्या खिल्लार बैलाची मान पाहा. श्रम बैलाचे जास्त, पण मान पोळाची जाड. कारण उघड आहे. बैलाचे खच्चीकरण झालेले असते, आणि वृषणांतून स्रवणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक त्याला मिळत नाही. पोळाच्या मानेला आणि खांद्याला ते जन्मभर मिळत राहते. म्हणजे स्नायू किती असावेत, याचा मोठा हिस्सा श्रमावर ठरत नसून शरीराच्या आतल्या हुकमावर ठरतो. बैल चिवट होतो, दमदार होतो, त्याचे खूर आणि सांधे कामाला सरावतात, हे खरे. पण श्रमाने तो पोळ होत नाही.

या हुकमातला दुसरा भाग म्हणजे मायोस्टॅटिन नावाचे प्रथिन. ते शरीरातच तयार होते आणि स्नायूंच्या वाढीला लगाम घालते. १९९७ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅक्फेरॉन यांनी उंदरांमधील त्याचे जनुक निकामी केले, तेव्हा त्या उंदरांचे स्नायू नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट झाले. ते उंदीर कोणत्याही तालमीत गेलेले नव्हते. बेल्जियन ब्ल्यू नावाची गुरांची जात याच जनुकातील निसर्गतः झालेल्या बदलामुळे इतकी मांसल असते की, तिचे चित्र पाहिल्यावर ते खरे वाटत नाही. पण आम्हा पशुवैद्यांना त्या मांसलपणाची किंमतही दिसते: या जातीतील बहुतेक गाईंची प्रसूती पोट फाडूनच करावी लागते. रानात अशी गाय पहिल्याच वेतात मेली असती. रानात हा लगाम सुटलेले जनावर टिकत नाही आणि फार आवळलेलेही टिकत नाही. प्रत्येक जातीचा लगाम तिच्या जगण्याच्या रीतीला बेतलेला असतो.

खुराकाविषयीही लिहितो, कारण तो प्रश्न सरांनी विचारला आहे. गवा गवत खातो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता तो गवतावर कोट्यवधी सूक्ष्मजीव पोसतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात हे सूक्ष्मजीव गवत आंबवतात आणि त्यातून स्वतःची वाढ करतात. पुढे तेच सूक्ष्मजीव चौथ्या कप्प्यात आणि आतड्यात पचवले जातात, आणि त्यांच्या शरीरातले उत्तम प्रथिन गव्याला मिळते. दूध-बदामाचा कारखाना तो पोटातच घेऊन फिरतो. आपल्या जठराला गवतापासून यातले काहीच करता येत नाही. आपण पाहिलेला पाठीवरचा उंचवटा मात्र सगळा मांसाचा नसतो. खांद्यावरच्या मणक्यांची लांब वाढलेली हाडे त्याच्या आत असतात आणि स्नायू त्यांना धरून असतात. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ६५० ते १००० किलोपर्यंत भरते.

एक गोष्ट नमूद करतो, म्हणजे गैरसमज नको. वापर थांबला की जनावराचाही स्नायू झडतो. कुत्र्याचा पाय प्लास्टरमध्ये ठेवला, तर काही आठवड्यांत त्याची मांडी बारीक झालेली मी नेहमी पाहतो. आपल्यात आणि त्यांच्यात फरक आहे तो प्रमाणाचा.

उत्तर ३ : जीवशास्त्राची शिक्षिका, बेळगाव

डॉक्टरांनी पोळाचे उदाहरण देऊन माझे काम सोपे केले. ते मी उद्याच वर्गात वापरणार आहे. लाल मातीवाल्या दादांच्या मुद्द्याला जोडून दोन उदाहरणे देते, कारण त्यांनी हा वाद बराचसा मिटतो.

बार्नॅकल गूज नावाचा उत्तरेकडील हंस स्थलांतराच्या वेळी अडीच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर उडतो. स्थलांतराआधी त्याचे उडण्याचे स्नायू आणि हृदय दोन्ही मोठे होतात, आणि नवल असे की, पिंजऱ्यात ठेवलेल्या, उडण्याची संधीच नसलेल्या हंसांमध्येही हा बदल होतो. ऋतू पालटल्याची खूण मिळाली की शरीर स्वतःच तयारी सुरू करते. त्याला सरावाची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे गदग जिल्ह्यातील मागडीच्या तळ्यावर हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हे हंसासारखे पक्षी हिमालय ओलांडून येतात. त्यांना पाहताना मला नेहमी या गोष्टीची आठवण होते.

दुसरे उदाहरण अस्वलाचे. आपल्या भीमगडच्या रानातले अस्वल शीतनिद्रा घेत नाही, पण उत्तर अमेरिकेतील काळे अस्वल घेते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १३० दिवसांच्या शीतनिद्रेनंतरही त्या अस्वलांची ताकद एक चतुर्थांशापेक्षा कमीच घटल्याचे आढळले. चार महिने अन्न नाही, पाणी नाही, चालणे नाही. एरवी मूत्रातून बाहेर जाणारा नायट्रोजन त्यांचे शरीर पुन्हा प्रथिने बनवण्यासाठी वापरते. माणूस इतके दिवस अंथरुणाला खिळला, तर उठून उभे राहणेही त्याला कठीण जाते. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातील अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात तो याचसाठी.

मग आपल्याच शरीरात हा हुकूम इतका सैल का? याचे कारण खर्चात आहे. एक किलो स्नायू नुसता बसून राहिला तरी दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खातो. दहा किलो जास्तीचे स्नायू म्हणजे रोज साधारण एका भाकरीएवढे जास्तीचे अन्न, तेही काम न करता. सर, आपल्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. त्या वर्षी रोजची एक जास्तीची भाकरी म्हणजे काय होते, हे मी आपल्याला सांगायला नको. त्यातच माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या केवळ २ टक्के असूनही विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा घेतो, आणि त्याचा हप्ता चुकवता येत नाही. अशा घरात जो सदस्य काम करत नाही, त्याचे ताट आधी लहान होते. माणसाचे शरीर स्नायूंच्या बाबतीत मागणी तसा पुरवठा करते. ओझे उचलले तर बांधते, न उचलले तर मोडून ते प्रथिन दुसरीकडे वापरते.

हा आपला दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि हे मला आग्रहाने लिहावेसे वाटते. चिंपांझी आपला सर्वांत जवळचा नातलग. तो माणसाच्या कित्येक पट ताकदवान असतो, असे पूर्वी सांगत. २०१७ च्या एका अभ्यासात त्याच्या स्नायूची जोर लावण्याची क्षमता तेवढ्याच मानवी स्नायूच्या सुमारे १.३५ पट असल्याचे दिसले. त्याच्या स्नायूंत झटक्यात जोर लावणारे, पण लवकर थकणारे तंतू जास्त; आपल्या स्नायूंत हळू काम करणारे, पण न थकणारे तंतू जास्त. झाडावर त्याच्याशी आपली बरोबरी होणार नाही. पण चिंपांझी दिवसाला जेमतेम काही किलोमीटर चालतो, आणि आपल्याकडे साठी उलटलेली वारकरी बाई आळंदीपासून पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर अंतर डोक्यावर तुळस घेऊन पायी जाते, मुक्कामाला पोचल्यावर भाकरीही थापते. चिंपांझीला हे कधीच जमणार नाही. माणूस बळासाठी घडलेला नसून लांब पल्ल्यासाठी घडलेला आहे. सिंहाचे खांदे पाहून आपण त्याच्या मापाने स्वतःला मोजतो, तेथेच चूक होते.

उत्तर ४ : जांबोटीचा रहिवासी

एक लहानसा मुद्दा सुचवतो. आम्ही रानाच्या कडेला राहतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला जो गवा दिसतो, तो उरलेला गवा असतो. लंगडा झालेला, लाळ-खुरकताने खंगलेला, म्हातारा किंवा अशक्त जन्मलेला गवा फार दिवस दिसत नाही, कारण कोळसुनांची, म्हणजे रानकुत्र्यांची टोळी किंवा वाघ त्याला शोधून काढतो. उन्हाळ्याच्या अखेरीस गवत वाळून गेल्यावर जे कळप आमच्या पाणवठ्यावर येतात, त्यांतल्या काहींच्या बरगड्या मोजता येतात. ते दृश्य पर्यटकांच्या छायाचित्रांत येत नाही. माणसांमध्ये आपण आजारी, म्हातारे, अपंग अशा सर्वांना सांभाळून घेतो, आणि ते आपल्या शेजारीच राहतात. म्हणून रानातल्या निवडक जनावरांची गावातल्या सगळ्या माणसांशी तुलना करणे मला रास्त वाटत नाही.

उत्तर ५ : फिजिओथेरपिस्ट, चिकोडी

वरचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि तो माझ्या कधीच लक्षात आला नव्हता.

मी रोज ज्यांना पाहते, त्यांच्याविषयी लिहिते. मांडीचे हाड मोडून दीड महिना पडून राहिलेल्या माणसाची मांडी मी टेपने मोजते, तेव्हा दोन पायांतला फरक पाहून घरचे लोक घाबरतात. वयाच्या तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ही घट पूर्ण थांबवता येत नाही, पण सत्तरीतही वजन उचलण्याचा साधा व्यायाम सुरू केला तर ताकद वाढते, हे मी माझ्या रुग्णांत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

सरांनी विचारले आहे की, जगण्याची रीत बदलल्याचा यात किती वाटा आहे. टांझानियातील हाडझा हे लोक आजही शिकार आणि कंदमुळे यांवर जगतात. ते दिवसाला सरासरी दोन तासांहून अधिक काळ अंगमेहनतीचे काम करतात. आश्चर्य वाटेल, पण ते विश्रांतीही भरपूर घेतात. दिवसाचे नऊ-दहा तास ते बसलेलेच असतात. फरक आहे तो बसण्याच्या पद्धतीत. ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, आणि त्या बैठकीत पायांचे स्नायू खुर्चीत बसल्यासारखे सैल पडत नाहीत. हे वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली. ती उकिडवी बसून भाकरी थापायची, जात्यावर दळायची, विहिरीवरून दोन घागरी आणायची. व्यायाम हा शब्द तिने आयुष्यात स्वतःसाठी वापरला नाही, आणि ऐंशीव्या वर्षी ती हात न टेकता जमिनीवरून उठत असे. आज माझ्याकडे पन्नाशीच्या बायका येतात, त्यांतल्या अनेकींना तसे उठता येत नाही. कष्ट चांगले होते, असे मी म्हणत नाही. पाण्याच्या घागरींनी आजीचे मानेचे मणकेही झिजवले होते. पण तिच्या दिवसात जे आपोआप होत असे, त्यासाठी आता वेगळा वेळ काढावा लागतो.

पुन्हा प्रश्न : निवृत्त शिक्षक, खानापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरली आहे, आणि ती धाकट्याची नसून थोरल्याची आहे. डॉक्टरांनी लिहिलेला मायोस्टॅटिनचा मजकूर मी त्याला वाचून दाखवला, तेव्हा तो लगेच म्हणाला, "मग तो लगाम औषधाने सैल करता येत नाही का?" तालमीखेरीज तो आता जिममध्येही जाऊ लागला आहे, आणि तेथे कोणीतरी त्याला इंजेक्शनाविषयी सांगितले आहे, असे मला त्याच्या आईकडून कळले. मला त्याची काळजी वाटते. त्याला रागावून हा विषय बंद करायचा नाही, म्हणून विचारतो.

उत्तर ६ : गुरांचा डॉक्टर, निपाणी

सर, आपण विचारलेत हे फार चांगले केलेत.

मायोस्टॅटिन रोखणारी औषधे स्नायू झिजण्याच्या आजारांसाठी माणसांवर तपासली गेली आहेत. काही चाचण्यांत स्नायूंचे आकारमान थोडे वाढले, पण रुग्णांच्या ताकदीत अपेक्षित सुधारणा दिसली नाही, आणि काही औषधांचे काम त्यामुळेच थांबवले गेले. आकार आणि बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेल्जियन ब्ल्यू बैल मांसाने भरलेला असतो, पण दिवसभर औत ओढायला मी त्याच्यापेक्षा आपला खिल्लारच निवडेन.

जिममध्ये ज्या इंजेक्शनाची गोष्ट निघते, ते बहुतेक वेळा मायोस्टॅटिनविरोधी नसून कृत्रिम टेस्टोस्टेरॉनचाच एखादा प्रकार असते. त्याने स्नायू वाढतात, हे खोटे नाही, आणि मुलांना ते खोटे म्हणून सांगू नये, कारण मग आपल्या पुढच्या शब्दांवर त्यांचा विश्वास राहत नाही. पण बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे उत्पादन बंद करते; वृषणे आक्रसतात, वीर्यातले शुक्राणू घटतात, हृदयाची भिंत जाड होते, आणि वाढीच्या वयात घेतले तर हाडांची टोके लवकर जुळून उंची खुंटते. हे वाचून पुरेसे नसेल, तर त्याला घेऊन एखाद्या चांगल्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांनाच त्याच्याशी बोलू द्या. माणसांचा डॉक्टर मी नव्हे.

उत्तर ७ : लाल माती, बेळगाव

डॉक्टर, पोळाच्या बाबतीत मी माझे मत बदलले आहे, हे प्रांजळपणे कबूल करतो. सर, थोरल्याला एकदा आमच्याकडे पाठवा. आमचे वस्ताद साठी ओलांडलेले आहेत आणि अजून रोज पहाटे स्वतः आखाडा खणतात. आखाड्याची माती खणणे हाच आमच्याकडे नव्या पोराचा पहिला व्यायाम असतो, आणि कोणाचे अंग किती वर्षांत भरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. दोन वर्षांत दंड भरू लागले असतील, तर तो अजिबात मागे नाही.

निवृत्त शिक्षक, खानापूर

दादा, येत्या शनिवारी पहाटेच्या गाडीने त्याला घेऊन येतो. डॉक्टर, काल संध्याकाळी धाकट्याला मंदिराजवळ नेऊन पोळ दाखवला, आणि तेथून शेजाऱ्यांच्या गोठ्यातली बैलजोडी दाखवली. दोन्हींच्या माना त्याने बराच वेळ पाहिल्या आणि विचारले, "मग बैलाला वाईट वाटत असेल का?" त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.